गाडी कधी मारता येईल?

मेंदूच्या आजारातून उठलेला कोल्हापूरचा माणूस मला पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे आता मला आधीच कळतं. हात पूर्वीसारखा होईल का, हा त्याचा दुसरा प्रश्न. बोलणं सुधारेल का, हा तिसरा, आणि तो बहुतेक वेळा त्याची बायको विचारते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, गाडी कधी मारता येईल?’

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर माणूस पुन्हा शर्टाची बटणं लावू शकेल का, भाकरी मोडून खाऊ शकेल का, दुकानाचा हिशेब लिहू शकेल का, हे बघणं आणि त्यासाठी त्याला तयार करणं माझं काम. गाडी चालवणं हेही त्यातलंच एक रोजचं काम. फरक एवढाच की बाकीच्या कामांत चुकलं तर बटण चुकीच्या काजात जातं, आणि इथे चुकलं तर दुसऱ्याच्या घरातलं मूल जातं. म्हणून या पहिल्या प्रश्नाला घाईनं ‘हो’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्याच कारणानं घाईनं ‘नाही’ म्हणणंही मला पटत नाही.

गाडी म्हणजे आपल्याकडे नुसती सोय नाही. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला पोचायचं तर गाडी, पहाटे डेअरीला दूध घालायचं तर गाडी, रविवारी जोतिबाला जायचं तर गाडी. चार गल्ल्या ओलांडून मिसळ खायला जातानासुद्धा आपण किक मारतो. पन्नाशीतल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेतली की त्याचं मित्रमंडळ, त्याचा धंदा, रंकाळ्यावरची त्याची संध्याकाळ, सगळंच आखडतं. गाडी सुटल्यावर माणसं कशी घरात मिटून बसतात, हे मी खूप जवळून बघितलंय. ‘जीव वाचला ना, मग गाडीचं काय एवढं?’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला त्या पेशंटची बाजू घ्यावीशी वाटते.

आता घरोघरी हा निर्णय कसा होतो, ते सांगते. गावाकडे अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, शहरात ‘पॅरालिसिसचा झटका’. शब्द कोणताही असो, बरं होण्याची खूण एकच मानतात: हात उचलतोय, पाय टाकतोय. माणूस काठी सोडून अंगणात फिरायला लागला की पै-पाहुणे म्हणतात, ‘झालं की आता. बसतंय सगळं.’ आणि तो गाडीवर बसतो. घरचे घाबरट असले तर उलट होतं. अंगात जोर नसो वा असो, किल्ली कायमची कपाटात जाते. दोन्हीकडे तपासणी कुणीच केलेली नसते.

हातापायाची ताकद लागतेच. पण ती सगळ्यात सहज दिसणारी आणि बऱ्याचदा सगळ्यात सोपी अडचण असते. संध्याकाळी मिरजकर तिकटीला गाडी वळवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, याचा विचार करून बघा. समोर केएमटीची बस थांबलेली, तिच्या मागून कुणीतरी उतरून रस्ता ओलांडणार हा अंदाज. डावीकडून घुसणारी मोपेड. उजवीकडचा रिक्षावाला वळणार की थांबणार, हे त्याच्या मानेवरून ओळखणं. फुलवाल्याचा आवाज कानावर येतोय, तो सोडून द्यायचा. मागचा हॉर्न मात्र सोडायचा नाही. हे सगळं एकाच वेळी, आणि तेही शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता बोलता. ताशी ४० हा वेग आपल्याला निवांत वाटतो, पण त्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. महामार्गावर ताशी ८०ला २२ मीटर. मेंदूला मार बसल्यावर अंदाज यायला एक सेकंद जास्त लागत असेल, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच गाडी एवढं अंतर कापून गेलेली असते. पायात कितीही जोर असला तरी तो सेकंद परत येत नाही.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो, ते मी मुद्दाम वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८चा. लायसनसाठी फॉर्म १ भरताना अर्जदारानं स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतः लिहून द्यायचं असतं: फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, भर उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही कमजोरी आहे का. वय ४०च्या पुढे असेल किंवा लायसन वाहतुकीच्या गाडीचं असेल तर फॉर्म १अ वर डॉक्टरांची सही लागते. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण नजरेची एक बाजू गेली आहे का, लक्ष टिकतं का, एका गोष्टीवरून दुसरीकडे वळतं का, यांच्यासाठी तिथे वेगळा रकाना नाही. मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा थांबून ज्याची दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे, असा माणूस २५ मीटरवरची नंबरप्लेट खणखणीत वाचून दाखवतो. कारण सरळ समोरचं त्याला स्वच्छ दिसत असतं. त्याच प्लेटच्या डावीकडे पोरगं सायकल घेऊन उभं आहे, ते दिसत नाही.

आणि ज्याच्याकडे आधीच लायसन आहे, त्याचं काय? कलम १६नुसार आजारामुळे चालवायला अपात्र ठरलेल्याचं लायसन आरटीओ रद्द करू शकतं किंवा वैद्यकीय दाखला मागू शकतं. पण आरटीओला कळणार कसं? झटका दवाखान्यात येतो, एमएच-०९च्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. कलम १८६ सांगतं की आपल्या आजारानं लोकांना धोका आहे हे माहीत असून जो गाडी चालवेल त्याला दंड; २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास २,००० पर्यंत. ‘माहीत असून’ ही अट मला फार विचारात पाडते. कारण मेंदूचे काही आजार असे आहेत की त्यात माणसाला आपल्यात काय उणं आहे, हेच माहीत नसतं. तो लपवत नाही, हट्टही करत नाही. ज्या भागानं ही खबर द्यायची, तोच भाग बिघडलेला असतो. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली अशा पेशंटांबद्दल सांगितलं होतं: अर्धं अंग लुळं पडलंय आणि ते म्हणतात, मला काही झालेलं नाही.

माझ्या दाजींच्या बाबतीत मला हे घरात बघावं लागलं.

दाजींचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. आयुष्य मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हातात घेऊन गेलेलं. जॉब दोन शतांश मिलिमीटरनं जास्त निघाला तर परत लावायला सांगणारा माणूस. मेंदूच्या उजव्या बाजूला, वरच्या-मागच्या भागात त्यांना झटका आला. डावा हात-पाय आठवडाभर जड होते, मग झपाट्यानं सुधारले. व्यायामाला कधी नाही म्हणाले नाहीत. घरी आले तेव्हा बघणाऱ्याला वाटावं, हे आजारी होते की काय. पण अक्काच्या लक्षात यायला लागलं: ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. दाढी करून आले की डावा गाल तसाच. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला घासतो, आणि दाजी चौकटीवर चिडतात. गाडीचा विषय निघाला की तर रोजचं भांडण.

‘मी किल्ली तांदळाच्या डब्यात घालून ठेवलोय,’ अक्का मला फोनवर म्हणाली. ‘तूच सांग त्यांना. मी सांगून सांगून दमलो.’

दाजींचं म्हणणं एकच. ‘अगं, हात चालतोय, पाय चालतोय, डोळ्याच्या डॉक्टरनं नंबर काढून दिलाय. आणि काय पायजे?’

डोळ्यांत खरंच दोष नव्हता. दोष लक्षात होता. डावीकडचं जग त्यांच्या हिशेबातूनच गेलं होतं. ज्याची नजरेची बाजू जाते, त्याला ते कालांतरानं कळतं. मग तो मान वळवून वळवून बघायला शिकतो. दाजींसारख्याला मान वळवावी असं वाटतच नाही, कारण तिकडे काही आहे, असंच वाटत नाही. बाहेरून दोघांची चूक सारखी दिसते, पण गाडीच्या दृष्टीनं हा दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. त्यातून आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालवतो. उजव्या अंगानं चालवणाऱ्या देशांत डावीकडे समोरून येणारी वाहनं असतात. आपल्या डावीकडे कोण असतं? फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनं चालणारी म्हातारी, शाळेची पोरं, वडापावच्या गाडीभोवतीची गर्दी, डावीकडूनच पुढं काढणारे दुचाकीवाले. ज्यांना वाचवायला पत्र्याची गाडीही नसते, ते सगळे आपल्याकडे डाव्या बाजूला. उजव्या मेंदूच्या झटक्यातून उठलेल्या माणसाची गाडीची तपासणी आपल्याकडे अधिक कसून व्हायला हवी, असं मला वाटतं ते यासाठी.

दाजींना उपदेश करून उपयोग नव्हता. मी वर्कशॉपवर गेले आणि त्यांच्या टेबलावर कागद मांडले. एका कागदभर लहान-मोठ्या चांदण्या विखुरलेल्या. लहान तेवढ्या खोडायच्या. त्यांनी उजवीकडच्या सगळ्या नीटनेटक्या खोडल्या आणि पेन खाली ठेवलं. ‘झालं.’ घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसले. मग मी २०० मिलिमीटरची आडवी रेघ दिली आणि म्हटलं, हिच्या बरोबर मध्यावर खूण करा. त्यांनी केली. मी काहीच बोलले नाही, त्यांचीच स्टीलची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी मोजलं. खूण १३०च्या आसपास होती. पुन्हा मोजलं. पट्टी उलटी करून मोजलं. कागद फिरवून घेतला. मग दुसरी रेघ मागून घेतली, तीही तशीच गेली. पोरांना ओरडून लेथ बंद करायला लावला आणि तिसरी काढली. दाजी माणसाचं ऐकणार नाहीत, पट्टीचं ऐकतात. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘आणि रस्त्यावर मी पट्टी कुठं लावू?’

त्या दिवसापासून भांडण थांबलं. किल्ली डब्यातच राहिली, पण आता ती अक्कानं लपवलेली नव्हती. निर्णय बायकोच्या भीतीवर नाही, मुलाच्या दटावण्यावर नाही, नवऱ्याच्या हट्टावर नाही. तो मोजमापावर आला. तपासणीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. ती घरातल्या माणसांना एकमेकांचे वैरी होण्यापासून सोडवते.

कागदावरच्या चाचण्या पुष्कळ आहेत. आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडत जायची, १ वरून क, क वरून २, २ वरून ख, वेळ लावून. हिच्यात लक्ष फिरवता येतं का, ते कळतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पक्षाघाताच्या चालकांसाठीच एक संच तयार झाला. त्यात ठिपके खोडणं, चौकटींत दिशा जुळवणं आणि रस्त्यावरच्या खुणा ओळखणं आहे. डोळे एका जागी ठेवून कडेचं किती टिपता येतं, हे संगणकावर मोजणारी चाचणी अमेरिकेत वापरतात. पण ज्यांनी ज्यांनी हे काम गांभीर्यानं केलंय ते सगळे शेवटी एकाच जागी येतात: खरी परीक्षा रस्त्यावर. शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी, शेजारी जाणता शिकवणारा, मागच्या सीटवर माझ्यासारखं कुणीतरी वही घेऊन. आपल्या प्रत्येक मोटार ड्रायव्हिंग स्कूलला अशी दुहेरी नियंत्रणाची गाडी ठेवावीच लागते. म्हणजे साधन गावोगाव आहे. जोडून द्यायची आहे ती नजर.

दाजींना काही महिने आम्ही डावीकडे बघायला शिकवलं. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी, ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. महाद्वार रोडवरून चालताना डावीकडच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. कागदावर फरक पडला. चांदण्या जवळजवळ सगळ्या खोडल्या जाऊ लागल्या. मग त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून, ओळखीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून, सकाळी विद्यापीठाच्या बाजूला त्यांना नेलं. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी इतकी देखणी गाडी चालवली की शिकवणारा माझ्याकडे आरशातून बघून मान डोलवत होता. गिअर मऊ, वळण मोजलेलं. पुढे सायबर चौकात गर्दी लागली. शिकवणाऱ्यानं मुद्दाम वर्कशॉपचा विषय काढला. दाजी बोलायला लागले आणि गाडी हळूहळू डावीकडे जायला लागली. कडेला भाजीची हातगाडी होती. ब्रेक शेजारून दाबला गेला.

दाजी म्हणाले, ‘कुठनं आली ही?’

ती हातगाडी लांबून दिसत होती. पण त्यांच्या आवाजात खरं आश्चर्य होतं, आणि ते मी वहीत लिहिलं. पुढे आणखी एकदा, काही महिन्यांनी, परत नेलं. तेव्हाही शांत रस्त्यावर उत्तम, गर्दीत आणि बोलताना नाही. कोल्हापुरात गर्दी टाळून आणि गप्प बसून कुठं जाता येतं? दाजींनी गाडी मुलाच्या नावावर केली. आता वर्कशॉपमधला एक पोरगा त्यांना नेतो-आणतो. त्यांना याचं दुःख आहे, आणि ते असणारच. ‘सवय होईल’ असं मी त्यांना कधी म्हटलेलं नाही.

डावी बाजू गेलेला माणूस निदान कागदावर सापडतो. कपाळामागच्या भागाला मार बसलेली तरुण पोरं मला जास्त काळजीत टाकतात. हेल्मेट नाही, रात्रीची वेळ, गळीत हंगामात अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पोरगं वाचतं, चालायला लागतं, बोलतं, कागदावरच्या चाचण्या पटापट सोडवतं. पण आई सांगते, ‘पहिला असा नव्हता. आता कुणी पुढं गाडी काढली की पेटून उठतोय.’ स्वतःला आवरणारी जी यंत्रणा असते ती सैल झालेली असते. अशा वेळी मी आईचं म्हणणं कुठल्याही गुणांकाइतकंच मोलाचं धरते. पेशंट बाहेर गेल्यावर घरच्यांना वेगळं बसवून विचारणं हा तपासणीचाच भाग आहे, आणि तो वगळला तर बाकीचं सगळं अपुरं राहतं.

फिट येणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. इथे आपल्या पद्धतीबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. फॉर्मात ‘फिट येते का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं की पुढचं दार बंद. शेवटची फिट कधी आली, गोळ्या नियमित चालू आहेत का, झोपेतच येते की जागेपणी, याला त्या फॉर्मात जागा नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकल-मोटारीसाठी साधारण नियम असा की १२ महिने फिट आली नाही तर पुन्हा चालवता येतं. ट्रक-बससाठी मात्र १० वर्षं, आणि तीही गोळ्यांशिवाय. पक्षाघातानंतर तिथे किमान महिनाभर गाडी बंद, ऑस्ट्रेलियात खासगी गाडीला किमान चार आठवडे, आणि त्यानंतर काय उरलंय ते बघून पुढचं. हे आकडे जसेच्या तसे इथे आणावेत, असं माझं म्हणणं नाही. पण वाट दिसत असेल तर माणूस खरं सांगतो. बारा महिने नीट गोळ्या घेतल्या तर लायसन मिळेल, हे कळलं तर तो पोरगा गोळी चुकवणार नाही. आपल्याकडे कायमचा नकार आहे, म्हणून सगळे गप्प राहतात. लग्नात लपवतात, नोकरीत लपवतात, फॉर्मातही ‘नाही’ लिहितात, आणि गाडी चालवत राहतात. त्यातही गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक रात्रभर, नवरात्राचा कडक उपास, जागरण. झोप मोडली, गोळी चुकली की फिट येण्याचा धोका वाढतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फिटच्या पेशंटला मी निदान एवढं तरी कळकळीनं सांगते की जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावू नकोस, आणि उपास धरलास तरी गोळी सोडू नकोस.

सगळ्यात अवघड जातं ते रिक्षावाल्यांचं. गेल्या पावसाळ्यात एकजण आला. उजव्या बाजूची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. त्याला ते माहीत होतं, मान वळवून बघायचाही. पण वाहतुकीची गाडी, मागे शाळेची पोरं बसणार. मला ‘नाही’ लिहावं लागलं. त्यानं भांडण केलं नाही. फक्त विचारलं, ‘मग मी करू काय, तेवढं लिहा की त्यात.’ त्याचा प्रश्न रास्त होता. तपासणी करून आपण एखाद्याची रोजी काढून घेतो, तर पुढच्या महिन्याच्या हप्त्याचं काय, हा विचारही त्याच कागदावर असायला हवा. त्याच्यापुरतं असं जमलं की रिक्षा दुसऱ्या चालकाला पाळीनं दिली, आणि तो स्वतः स्टँडवर हिशेब आणि भाड्याचे फोन बघतो. पैसे निम्म्यावर आले. यापलीकडे काही करता आलं असतं तर मला हवं होतं. मोठ्या ठिकाणी नोकरीला असलेला चालक असा आजारातून उठला तर त्याला दुसऱ्या कामावर लावण्याची सोय तिथे असू शकते. रिक्षावाला एकटाच असतो.

मी ज्या गोष्टीसाठी धडपडतेय ती फार मोठी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक सकाळ. एक न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन, एक डोळ्यांचे डॉक्टर जे नजरेचं क्षेत्र मोजतील, एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, आणि दुहेरी ब्रेकची गाडी घेऊन येणारी एक ड्रायव्हिंग स्कूल. शेवटी लेखी अहवाल: चालवू शकतात, चालवू शकत नाहीत, किंवा या या अटींवर चालवू शकतात, आणि पुन्हा कधी तपासायचं. आरटीओला वैद्यकीय दाखला मागायचा अधिकार कायद्यानं आहेच; दाखला देणाऱ्याला काय बघायचं, ते कळलं की निम्मं काम होईल. दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद देतात, त्यावर गोळ्या, पथ्य, पुढची तारीख असते. त्याच्याखाली एक ओळ हवी: तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. ही ओळ डॉक्टरांच्या अक्षरात असली की घरी बायकोला ती बोलावी लागत नाही. सोबत गोळ्यांबद्दलही लिहावं. आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते. कंपवाताच्या काही गोळ्यांनी तर चालत्या कामात अचानक डोळा लागू शकतो. हे औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही.

आणि जिथे ‘हो’ म्हणता येतं, तिथे ते ठणकावून म्हणायला हवं. हल्लीच एका शिक्षिकेची तपासणी झाली. डाव्या पायात कमजोरी राहिलीय, बाकी नजर, लक्ष, अंदाज सगळं उत्तम. पण घरच्यांनी धसका घेतलेला. नवरा, मुलगा, सासूबाई, सगळ्यांचं एकच: गाडीचं नाव काढायचं नाही. वर्षभर त्या शाळेला रिक्षानं जात होत्या आणि मनातून खचत चालल्या होत्या. खरं तर डाव्या पायाला मोटारीत क्लचशिवाय काम नसतं. क्लच नसलेली गाडी दिली की प्रश्नच मिटला. कागदावर त्यांनी आकडे-अक्षरांची चाचणी माझ्या विद्यार्थ्यांच्याही आधी संपवली. रस्त्यावर दसरा चौक, बिंदू चौक, गंगावेश, जिथे जिथे म्हणून गर्दी सापडली तिथे आम्ही त्यांना नेलं. शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर होता, दाबावा लागला नाही. पाऊण तासानंतर मात्र चेहरा उतरायला लागला, दमणूक दिसली. ती झटक्यानंतर फार जणांत राहते.

अहवालात लिहिलं: क्लच नसलेली गाडी, दिवसा, शहरात, एका वेळी अर्धा तास, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्यांनी तो मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवला, मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘आणि पन्हाळ्याला?’

‘घाट पुढच्या तपासणीत बघू,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी सकाळी लवकर या, आपण वरपर्यंत जाऊ.’